बाळंतिणीचा ताप



मी सातवी शिकलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावले तेच सांगते. बाळंतिणीला ताप आला की आपण ‘दूध भरले, वारा लागला’ म्हणतो. पण बाळंतपणात रक्त लवकर गोठते. क्वचित बीजकोशाच्या शिरेत, बहुधा उजवीकडे, गुठळी होते. मग औषध चालू असूनही ताप हटत नाही, ओटीपोट एका बाजूला दुखते. सोनोग्राफीत गुठळी निसटू शकते, सी. टी. स्कॅनमध्ये दिसते. ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्त न गोठण्याची इंजेक्शने व गोळ्या, जंतूंवरचे औषध, एवढ्याने बहुतेकींना गुण येतो. गोळ्या बहुधा 3 महिने असतात; मनाने बंद करू नयेत.

सासूबाईंनो, शेकशेगडी मागाहून, आधी दवाखाना!