शून्याची जागा

एकशे आठ मण्यांची माळ ओढणारी माणसं आपण, मोजणं आपल्याला नवीन नाही. म्हणून आज थोडं गणित करू. घाबरू नका, नुसती वजाबाकी आहे.

नाशिकजवळ देवळालीला एक मास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं. आकड्यांचा नाद इतका, की गणितानंद म्हणूनच ओळखले गेले. १९४९ साली या मास्तरांना एक संख्या सापडली, ६१७४.

तिचं कौतुक काय? कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे. पहिल्यातून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. करा बरं माझ्याबरोबर. ४३२१ वजा १२३४, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! पोचलेला आता हलत नाही. आणि कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्या.

तुम्ही म्हणाल, महाराज, कळलं. कुणी आळंदीहून निघो, कुणी देहूहून, कुणी पैठणहून, शेवटी चंद्रभागेचं वाळवंट एकच. खरं आहे. पण मला सांगायचंय ते वाटेतलं आहे.

आता १११२ घ्या. २१११ वजा १११२, आले ९९९. इथं थांबा! निघालो चार अंकांनी, उरले तीन. घाईचा माणूस म्हणतो, तीन तर तीन, चला पुढे. ९९९ सुलट मांडा, उलट मांडा, ९९९च. वजा केलं, हाती भोपळा. वाटच संपली.

नियम असा आहे, की चार निघालात तर चार चला. पुढे शून्य लिहा, ०९९९. आता मोठी संख्या मांडा. तेच शून्य शेवटी जाऊन बसलं आणि ९९९ चे झाले ९९९०! त्यातून ०९९९ गेले, ८९९१. मग ८०८२. मग ८५३२. आणि मग ६१७४. कुणी पोचवलं हो? ज्याला आपण काही किंमत देत नव्हतो, त्यानं.

मायबापहो, आपल्या दिंडीत असं शून्य कोण आहे ते बघा. तिला अभंग पाठ नाहीत, वर्गणी जमली नाही, गुडघे दुखतात, ती मागे राहते. मुक्कामाची घाई झालेला कुणीतरी म्हणतो, एका म्हातारीसाठी किती थांबायचं? घरीही तेच. कमावत नाही तो मोजण्यात नाही. आपण आपल्याच सारख्यांना घेऊन पुढे निघतो आणि तिथेच चुकतो.

मास्तरांच्या वाट्यालाही हेच आलं होतं. त्यांचं काम म्हणजे पोरखेळ, असं आपल्याकडच्या कितीतरी विद्वानांना वाटे. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा हे नाव जगभर गेलं. तोवर मास्तर काय करत होते? वजाबाकी. आनंदानं.

वजाबाकीनं देव सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. दृष्टांत आहे, दृष्टांतापुरता घ्या. पण हे पान वाचून झालं, की एक कागद घ्या आणि स्वतः करून बघा. उत्तर तीन अंकी आलं, तर शून्य लिहायला विसरू नका. आणि उद्या दिंडी निघेल तेव्हा एकदा मागे वळून बघा. कुणी राहिलंय का?

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!