मंदी उतारावरून खाली येते

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘मंदी आणि आपले घर’ या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हाच मी संयोजकांना सांगितले की मी अर्थतज्ज्ञ नाही. मी कला शाखेचा पदवीधर. वर्तमानपत्रात बातम्या लिहून आजवर पोट भरत आलो. अर्थशास्त्रज्ञांची मंदी आलेखावर दिसते. मी ज्या मंदीविषयी बोलणार आहे, ती वाण्याच्या वहीत, दुधाच्या पिशवीत आणि घरातल्या माणसांच्या वाढत जाणाऱ्या मौनात दिसते.

जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २१ हजारांच्या वर गेला होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी तोच निर्देशांक आठ हजारांच्याही खाली येऊन गेला. ते मथळे देणाऱ्यांत मी होतो. परंतु हातातला पैसा आटणे म्हणजे काय, हे मला त्यापूर्वी २६ वर्षे, लालबागच्या चाळीत कळले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. व्याख्येप्रमाणे ती मंदी नव्हे, हे मला मान्य आहे. पण महिन्याचा पगार थांबला की घराला व्याख्येशी कर्तव्य नसते. माझे वडील साच्यांवर काम करीत. मी बारा वर्षांचा होतो. पहाटे भोंगा वाजेनासा झाला, एवढाच बदल मला आरंभी जाणवला. मग आईच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. पुढे वडील वाण्याकडे स्वतः न जाता मला पाठवू लागले. वाणी वही उघडी, माझ्याकडे बघे आणि काही न बोलता लिही.

आमच्या मजल्यावर एक आक्का खानावळ चालवीत. घरापासून दूर राहणारे वीस-बावीस कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पगाराला पैसे देत. संप लांबला, तसे त्यांतले काही गावी परतले, ते उधारी बुडवूनच. त्यांचा तरी काय दोष? आक्कांना पीठ देणारा दुकानदार थांबेना. भांडी घासायला येणाऱ्या बाईला त्यांनी सोडून दिले. आणि मुंबईची मनीऑर्डर थांबल्याने कोकणात, साताऱ्याकडे कितीतरी घरांत चूल पेटण्याची पंचाईत झाली. आमच्या घरी मात्र उलटे घडले. आजवर आम्ही गावी पैसे पाठवीत होतो; त्या वर्षी काकांनी एस.टी.तून उकड्या तांदळाचे पोते पाठवले. त्यातले दोन पायली तांदूळ आईने न विचारता आक्कांच्या दारात नेऊन ठेवले.

त्या वयात मला जे दिसले, त्याचा अर्थ पुष्कळ उशिरा लागला. मंदी पाण्यासारखी उतारावरून खाली येते. प्रत्येक घर आपल्या अंगावर आलेला भार खालच्या घरावर ढकलते. ढकलणारा दुष्ट असतो असे नाही. तो घाबरलेला असतो. मात्र उताराच्या तळाशी जे घर असते, त्याला पुढे ढकलायला कोणी उरत नाही. म्हणूनच मला वाटते, की ‘मंदीत आपण कसे तगलो’ या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे: आपण कोणाच्या जिवावर तगलो?

या ढकलाढकलीचे एक मोठे कारण लज्जा हे आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण मध्यमवर्गीयांनी फार मनावर घेतली. २००९ मध्ये माझ्या परिचयातील एका संगणक अभियंत्याची पुण्यातील नोकरी गेली. दोन महिने तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. त्याच दोन महिन्यांत त्याच्या घरी हप्त्यावर नवा फ्रिज आला. कारण ‘आत्ता नको’ म्हणायचे तर त्याचे कारण सांगावे लागले असते! ज्या दिवशी त्याने पत्नीला सांगितले, त्या दिवशी तिने रडणे आटोपून वही काढली आणि रात्रीतून महिन्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला. मंदीत बंद मूठ सव्वा लाखाची राहत नाही, तिच्यावर व्याज चढत जाते.

आता माझ्या स्वतःच्या घराविषयी सांगतो. हे सांगणे सोपे नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी घटले. मी जेथे काम करीत होतो, तेथे मे महिन्यापासून आमचे वेतन ३० टक्क्यांनी कमी झाले. आम्ही नवरा-बायको खर्चाची यादी घेऊन बसलो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना महिना २,२०० रुपये होते. एप्रिलचे पूर्ण दिले, मेचे निम्मे दिले, आणि जूनमध्ये मी फोन करून म्हणालो, “मावशी, सगळे सुरळीत झाले की या.” त्या फक्त “बरं दादा” म्हणाल्या.

त्याच महिन्यांत माझी म्युच्युअल फंडातील पाच हजारांची मासिक गुंतवणूक अखंड चालू होती. ती थांबवण्याचा विचार माझ्या मनातही आला नाही. डिसेंबरमध्ये मावशी पुन्हा कामावर आल्या, तेव्हा कळले की त्यांच्या यजमानांची रिक्षा महिनोन्महिने उभी होती आणि दहावी झालेल्या मुलीने अकरावीला प्रवेश न घेता पॅकिंगचे काम धरले होते. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही. पोळ्या लाटता लाटता सांगितले. मुलीच्या प्रवेशाचे आम्ही पुढच्या वर्षी पाहिले. पण तोवर ती मिळवती झाली होती आणि घराला तिच्या पैशाची सवय झाली होती. ती परतली नाही. माझ्या घरातून मंदीने काही महिन्यांचे ३० टक्के वेतन नेले. त्या घरातून एका मुलीचे शिक्षण नेले. आणि मंदीला त्या दारापर्यंत नेऊन पोहोचवणाऱ्यांत मी होतो.

बंधूंनो, काटकसर हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे आणि तो सोडा असे मी सांगणार नाही. परंतु केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवून दिले, की एका घराची बचत शहाणपणाची असली, तरी साऱ्यांनी एकाच वेळी हात आखडला तर सर्वांचेच उत्पन्न घटते. कारण माझा खर्च हीच कोणाची तरी कमाई असते. तेव्हा काटकसर करायचीच. प्रश्न आहे तो तिच्या क्रमाचा.

मला सुचणारा क्रम असा. प्रथम मौजेचा आणि दिखाऊ खर्च थांबवावा. मग नवी गुंतवणूक काही महिने थांबवावी. ती पुन्हा सुरू करता येते. मुलांची फी, औषधे, आरोग्य विमा आणि आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांचे वेतन यांना हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. पूर्ण वेतन देणे खरोखरच अशक्य असेल, तर त्या व्यक्तीला समोर बसवून, आपली अडचण सांगून ठरवावे; फोनवर दोन शब्दांत नव्हे.

दुसरी गोष्ट सोन्याची. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा दिली. ती मार्च २०२१ अखेरपर्यंत होती. अनेक घरे त्या आधाराने उभी राहिली. पण ते सोने कोणाचे होते? घरातल्या स्त्रीचे. ते घराने तिच्याकडून घेतलेले कर्ज समजावे आणि बरे दिवस येताच प्रथम सोडवावे. माझ्या आईच्या बांगड्या आमच्याकडून राहून गेल्या. वडिलांना पुढे वॉचमनची नोकरी लागली, मग माझे शिक्षण आले, मग घर आले. बांगड्यांची पाळी कधी आलीच नाही.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीप्रमाणे कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या घरात आली. टाळेबंदीत खर्चच करता येत नव्हता, म्हणून पहिला आकडा फुगलेला होता हे खरे. तरीही अडीनडीची गंगाजळी पातळ झाली आहे, हे विसरून चालणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. आणि केवळ नोकरीतून मिळालेल्या आरोग्य विम्यावर विसंबू नये. नोकरीबरोबर बहुधा तोही जातो.

शेवटी एक छोटी विनंती. मंदी पुन्हा येईल. केव्हा, ते मी सांगू शकत नाही. त्या वेळी खर्चाची यादी घेऊन बसाल, तेव्हा जी ओळ खोडाल, तिच्यापुढे एका माणसाचे नाव लिहा. पेपरवाला, इस्त्रीवाला, शिकवणीच्या बाई, पोळ्यांच्या मावशी. नाव लिहिल्यावरही काही ओळी खोडाव्या लागतील. पण काही ओळींवर हात थांबेल. १९८२ मध्ये आमच्या घरात मोजकेच तांदूळ असताना आईचा हात आक्कांच्या दाराकडे वळला होता. २०२० मध्ये माझा थांबायला हवा होता.