हुकुमांची यादी

घरीं पाहुणे यावयाचे असले म्हणजे आपण मुलाला महाद्वार रोडवरील वाण्याकडे एकदां हळदीसाठीं आणि पुन्हां गुळासाठीं धाडीत नाहीं. यादी लिहून देतों. संगणकांतील माहितीच्या भांडाराशीं व्यवहार करणारेही हेंच करतात. एकेक हुकूम पाठवून प्रत्येकाच्या पोंचेची वाट पाहण्याऐवजीं शेंकडों हुकूम रांगेनें सांठवितात आणि एकदम स्वाधीन करतात. खेपा वांचतात.

परंतु यादींतील एकच ओळ चुकली तर?

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शिक्षकांच्या पगाराची यादी मीच धाडीत असें. एकदां एका सहकाऱ्याच्या खाते-क्रमांकांतील दोन अंक माझ्या हातून उलटसुलट झाले आणि सबंध यादी परत आली. बावीस घरांचा पगार अडला; त्यांतील एका घरीं मुलीचें लग्न होतें. त्या गृहस्थांनीं मला अवाक्षरही म्हटलें नाहीं, तें अधिक लागलें. एकवीस ओळी बरोबर असतां त्या कां अडवाव्या, म्हणून मला यंत्राचाच राग आला.

पुढें उमगलें, कीं सबंध यादी हा एकच व्यवहार मानावा कीं प्रत्येक ओळ स्वतंत्र, हें यंत्र नव्हे, तर त्याची रीत आंखणारा मनुष्य ठरवितो. अडत्याच्या पेढीवर एकाच्या नांवें पडलें आणि दुसऱ्याकडे जमा झालें नाहीं, तर हिशेब बुडाला. त्या दोन ओळी एकत्रच राहिल्या पाहिजेत. म्हणून भांडारही आधीं रोजकीर्दीसारखी नोंद करून ठेवतें. मध्येंच वीज गेली, तर पुन्हां सुरू होतांना ती वाचून अर्धवट व्यवहार पुसून टाकतें. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

याउलट रिझर्व्ह बँकेची एनईएफटी पाहा. २००५ सालीं निघालेली ही पद्धत डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालते. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ तुकड्या. त्यांतील एखादी रक्कम जमा होण्याजोगी नसेल, तर ती तेवढीच त्या तुकडीनंतर दोन तासांच्या आंत परत फिरवावी, असा नियम आहे. बाकीच्या पुढें जातात. पगाराची यादीही याच जातीची. बावीस शिक्षकांच्या पगारांचा परस्परांशीं संबंध तो काय?

असो. रीत बदलणें माझ्या हातीं नव्हतें. निवृत्त होईपर्यंत मीं दरमहा त्याच सहकाऱ्यांस समोर बसवीत असें, आणि एकेक अंक मोठ्यानें वाचून मगच यादी धाडीत असें.