पानिपतकरांच्या वतीने



 आमचं घराणं मूळचं विट्याचं, गलाईच्या धंद्यापायी इकडे पानिपतात आलेलं. गावी गेलो की म्हातारी माणसं अजून विचारतात, ‘राहायला दुसरं गाव मिळालं नाही का रे?’ सोनं-चांदी जिथे आटवायला येते तिथे गलाईवाला राहतो, एवढंच मी सांगतो.

वृत्तपत्रविद्येच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून मूस आणि भट्टीवाला माणूस का निवडला, ते संयोजकच जाणोत. पण गाव मात्र नेमकं निवडलंत. 1760 च्या पावसाळ्यानंतर अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली तशी डाकही तुटली. 14 जानेवारी 1761 च्या लढाईचा निकाल माळव्यात आलेल्या नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी पत्रातून, तोही मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. पेशव्यांच्या बातमीदारांआधी सावकाराचा जासूद पोचला! यावर तुमच्यापैकी कुणी प्रबंध लिहावा. आम्ही राहायची सोय करू.

तुमचा विषय आहे, कॉलेजात संवादशास्त्र शिकलेल्याचं पुढे काय होतं. त्यावर विद्वान बोलतीलच. मी आमच्या गावचा एक मुलगा पुढे करतो: ख्वाजा अहमद अब्बास. जन्म पानिपतचा, 1914 चा. शायर अल्ताफ हुसेन हाली हे त्यांच्या आईचे आजोबा. हालींचं तर काय सांगावं! नव्या नवरीला मागे ठेवून हा माणूस शिकायला चालत दिल्लीला गेला. पुढे लाहोरला सरकारी बुक डेपोत इंग्रजी पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांवर हात फिरवायची नोकरी केली. तिथे जे कानांवरून आणि डोळ्यांखालून गेलं त्याने त्यांची कविता आणि टीका दोन्ही बदलली. बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आपल्याकडच्या लोकांना इब्राहिम लोदीची कबर ठाऊक असते, हालींची नसते. ही मला लागून राहिलेली गोष्ट आहे, म्हणून वेळ घेतो, क्षमा असावी.

तर अब्बास. हालींच्या नावाच्या इथल्याच शाळेतून ते अलीगढला गेले. इंग्रजी साहित्यात बी.ए. केलं, मग कायद्याची पदवी घेतली. वृत्तपत्रविद्येचा वर्ग त्या वेळी तिथे कुठला असायला? पण कायदा शिकता शिकता त्यांनी ‘अलीगढ ओपिनियन’ हे विद्यार्थ्यांचं साप्ताहिक काढलं. आठवड्याच्या आठवड्याला मजकूर जमवायचा, तपासायचा, छापून वाटायचा. कायद्याच्या पदवीने त्यांना काय दिलं ते माहीत नाही, पण या सवयीने जन्मभर पोसलं. मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आले, 1935 मध्ये ‘लास्ट पेज’ हे सदर धरलं, ते पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये नेऊन 1987 मध्ये मरेपर्यंत चालवलं. मधल्या काळात ‘आवारा’ लिहिला. गोवामुक्तीवर ‘सात हिंदुस्तानी’ काढला आणि त्यात अमिताभ बच्चन नावाच्या नवख्या मुलाला घेतलं. माझ्या मते अभ्यासक्रमात काय आहे यापेक्षा कॉलेजचं साप्ताहिक वेळेवर निघतं की नाही, यावर मुलाचं भवितव्य ठरतं.

अर्थात विभाग हवेतच. लाहोरला 1941 मध्ये पंजाब विद्यापीठाने प्रा. पी. पी. सिंग यांच्याकडून वृत्तपत्रविद्येचा वर्ग सुरू करवला. फाळणीनंतर तो दिल्लीत चालला आणि 1962 मध्ये चंदीगडला गेला. म्हणजे जी. टी. रोडने आमच्या दारावरूनच गेला म्हणायचा. थांबला नाही, ही आमची तक्रार.

आता व्यवस्थेबद्दल. धुक्याने गाड्या उशिरा आल्या, कित्येकांना स्टेशनवर रात्र काढावी लागली. धर्मशाळेत गिझर कमी आहेत, गरम पाणी पाळीपाळीने घ्यावं लागेल. माइक मधूनच शिट्टी मारतो. भात आमच्या आचाऱ्याच्या हातचा आहे, वरणावर राजम्याची छाया दिसल्यास गोड मानून घ्या. मात्र पांघरूण कमी पडलं तर जबाबदार मी. जगभरचे जुने लोकरी कपडे या गावात येतात. बायका बसून त्यांची बटणं आणि चेन कापून काढतात, रंगारंगाचे ढीग लावतात, आणि पिंजून, कातून त्याचंच ब्लँकेट होतं. रंग जुन्या कपड्याचाच, नवा द्यावा लागत नाही. ती ब्लँकेटं एका कारखानदारांनी फुकट दिली. नाव घेऊ नका म्हणाले. आमच्या गलाई बांधवांनी जेवणाचा खर्च उचलला. रोड मराठा बंधूंनी गावोगावहून दूध पाठवलं, ट्रॅक्टरने लाकडं आणली. शेजारच्या गुरुद्वाऱ्याने भांडी दिली आणि सभागृहासमोरच्या चहावाल्याने पहिल्या दिवसाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. या सगळ्यांचे ऋण मान्य करतो.

एकच मागणं आहे. उद्या सकाळी सातला बस लढाईच्या काला आंब इथल्या स्मारकाला निघेल. येताना ती दर्ग्यापाशी थांबेल. उतरा, हालींच्या कबरीपाशी जा, आणि तुमच्या विद्यापीठाच्या अंकात दोन ओळी लिहा. टोपी-मफलर विसरू नका.