सकाळची गाडी आणि चालकाचें वेतन

मोठ्या शहराचा व्यवहार किती बारीक दोऱ्यावर लोंबकळत असतो, याची जाणीव तो दोरा तुटल्यावांचून होत नाहीं. १६ मे २०२५ रोजीं मध्यरात्र उलटून एक मिनिट होतें न होतें तोंच अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानाच्या उपनगरी रेल्वेच्या गाड्या उभ्या राहिल्या. कोठें रूळ उखडला नव्हता, कीं पूल वाहून गेला नव्हता. सुमारें साडेचारशें इंजिनचालकांनीं काम थांबविलें होतें. एवढ्या थोड्या माणसांनीं हात आंखडता घेतांच अगणित लोकांची सकाळ अडली. न्यू यॉर्क शहरांत चाकरी करून हडसन नदीच्या पलीकडे राहणाऱ्यांमध्यें एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गांवांतील मराठी कुटुंबेंहि आहेत. तेव्हां हा तंटा सातासमुद्रांपलीकडचा असला, तरी त्याची झळ आपल्या माणसांना लागलीच नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं.

उपनगरी रेल्वेची चाकरी लांब पल्ल्याच्या रेल्वेच्या चाकरीहून निराळी असते. सकाळीं कांहीं तास आणि सायंकाळीं कांहीं तास प्रवाशांचा पूर लोटतो. मधला काळ ओहोटीचा. पहांटे घर सोडलेला चालक सकाळची फेरी पुरी करतो, दुपारचे तास विश्रांतीच्या खोलींत कसेबसे घालवितो आणि सायंकाळची फेरी आटोपून रात्रीं घरीं परततो. प्रत्यक्ष गाडी हांकण्याचे तास मोजके, परंतु दिवस मात्र सगळाच्या सगळा गुंतलेला. या मधल्या रिकाम्या तासांचें मोल काय धरावयाचें, हा अशा तंट्यांतील एक जुनाच मुद्दा आहे. शिवाय हें काम कोणालाहि आज बोलावून उद्यां देतां येण्याजोगें नाहीं. न्यू जर्सींत नवा चालक तयार होण्यास सुमारें वीस महिने लागतात आणि त्याला नियमाप्रमाणें प्रमाणपत्र मिळवावें लागतें. २०१८ सालीं चालकांची उणीव पडली, तेव्हां संप नसतांहि तेथील कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या होत्या.

चालकांचें गाऱ्हाणें दोन शब्दांत सांगण्याजोगें होतें. २०१९ सालापासून त्यांचें वेतन वाढलें नव्हतें. मध्यंतरीं महागाई मात्र कोणाची वाट पाहत थांबली नव्हती. त्यांतून त्यांच्या डोळ्यांसमोर रोज एक तुलना उभी असे. न्यू यॉर्कच्या पेन्सिल्वेनिया स्टेशनांत न्यू जर्सीच्या गाड्या येतात, तशाच लाँग आयलंड रेल्वेच्या आणि लांब पल्ल्याच्या अँमट्रॅकच्याहि येतात. एकाच छताखालीं, तेंच काम, तीच जबाबदारी. आणि तरीहि शेजारच्या फलाटावरील चालकाच्या ताशीं वेतनाचा आंकडा मोठा. अंगावरचा अंगरखा जुना आहे याचें दुःख माणूस सोसतो. परंतु शेजाऱ्याला त्याच कामाबद्दल नवा मिळाला, हें त्याला सोसवत नाहीं. अनुभवी चालक दुसऱ्या रेल्वेकडे निघून जातात, अशीहि संघाची तक्रार होती.

दुसरी बाजूहि पोकळ नव्हती. चालकांची सरासरी वार्षिक कमाई एक लक्ष पस्तीस हजार डॉलर असल्याचें रेल्वेचे चालक सांगत नसून व्यवस्थापक सांगत. संघ तोच आंकडा एक लक्ष तेरा हजारांचा धरी. जादा तासांचें काम हिशेबांत कसें घ्यावयाचें यावर असले आंकडे फुगतात किंवा ओसरतात, आणि ऐकणाऱ्या त्रयस्थाला कोणाचें खरें मानावें हें कळेनासें होतें. व्यवस्थापकांची खरी अडचण मात्र निराळीच होती. त्या रेल्वेंत एकूण पंधरा संघ. त्यांपैकीं चौदांनीं ठराविक प्रमाणांतील वाढ पत्करली होती. एका संघाला अधिक दिलें, तर इतरांनाहि तितकेंच द्यावें लागेल, असें त्यांच्या करारांत बंधन होतें. म्हणजे साडेचारशें माणसांना दिलेला प्रत्येक डॉलर सगळ्या कामगारवर्गाला द्यावयाचा. आणि रेल्वे ही नफ्यावर चालणारी खाजगी कंपनी नव्हे, ती १९७९ सालीं स्थापन झालेली सार्वजनिक संस्था. तिच्या तिजोरींत भर पडावयाची ती तिकिटांतून किंवा करांतून. पंक्तींत एका पानावर तूप अधिक वाढलें, कीं साऱ्या पंक्तीला वाढावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार.

मार्च २०२५ मध्यें दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनीं एक तडजोड ठरविली. ती सभासदांपुढें मताला पडली, तेव्हां शेंकडा ८७ मतें तिच्या विरुद्ध गेलीं. संघाचा पुढारी सही करून आला म्हणजे तंटा मिटला, असें समजणाऱ्यांना हा चांगला धडा होता. त्यानंतर संप झाला. तो तीन दिवस चालला. १८ मे रोजीं, रविवारीं, नवी तडजोड झाली; मंगळवारीं, २० तारखेला, गाड्या पुन्हां धांवूं लागल्या; आणि जून महिन्यांत सभासदांनीं ती तडजोड मान्य केली. १९८३ नंतर या रेल्वेंत पडलेला हा पहिलाच संप.

तंटा तीन दिवसांत मिटला असें दिसलें, तरी त्याची पूर्वतयारी वर्षानुवर्षें चाललेली होती. याचें कारण अमेरिकेंतील रेल्वे कामगारांचा कायदा. १९२२ सालीं रेल्वेच्या कारखान्यांतील सुमारें चार लक्ष कामगारांनीं मोठा संप केला. त्या आठवणी ताज्या असतांनाच, १९२६ च्या मे महिन्यांत, अध्यक्ष कूलिज यांनीं या कायद्यावर सही केली. या कायद्यानें संपाला बंदी केलेली नाहीं. संपापर्यंत पोंचण्याची वाट मात्र फार लांबविली आहे. या कायद्याखालील करार मुदत भरली म्हणून संपत नाहीं. नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालूं राहतात. बोलणीं फसलीं तर राष्ट्रीय मध्यस्थ मंडळ मध्यें पडतें, आणि तें मंडळ "आमचे यत्न संपले" असें जाहीर करीपर्यंत कामगाराला काम सोडतां येत नाहीं, कीं मालकाला अटी बदलतां येत नाहींत. मंडळानें हात टेकले, म्हणजे आणखी तीस दिवस डोकीं थंड होण्यासाठीं.

उपनगरी रेल्वेसाठीं १९८१ सालीं या वाटेला आणखी एक फांटा जोडण्यांत आला. ईशान्येकडील दिवाळें निघालेल्या रेल्वे कंपन्या एकत्र करून १९७६ सालीं काँनरेल नांवाची संस्था काढली होती. तिच्या डोक्यावरील उपनगरी गाड्यांचा भार १ जानेवारी १९८३ पासून निरनिराळ्या सार्वजनिक संस्थांवर गेला. ही व्यवस्था ठरवितांनाच असा नियम झाला, कीं अशा रेल्वेंत संपाची वेळ आली असतां कोणत्याहि पक्षानें किंवा त्या संस्थानाच्या गव्हर्नरानें मागणी केल्यास राष्ट्राध्यक्षांनीं आणीबाणीचें मंडळ नेमलें पाहिजे. पहिल्या मंडळाचे १२० दिवस. तेवढ्यानें भागलें नाहीं तर दुसऱ्या मंडळाचे १२० दिवस. दुसऱ्या मंडळापुढें दोन्ही पक्षांनीं आपापली शेवटची मागणी आणि शेवटची देणगी ठेवावयाची, आणि मंडळानें त्यांतली जी अधिक वाजवी वाटेल ती एकच निवडावयाची. दोहोंच्या मध्यें रेघ मारून मोकळें व्हावयाचें नाहीं. अति ताणणाऱ्याची बाजू निवडली जाणार नाहीं, या भीतीनें दोघेहि ताळ्यावर यावेत हा हेतु. जो पक्ष हा निवाडा नाकारील त्याला थोडी शिक्षाहि आहे: कामगारांनीं नाकारून संप केला तर त्यांना रेल्वेच्या बेकारी विम्याचा लाभ मिळत नाहीं, आणि संपकाळीं एकमेकांना आधार देण्याचा जो करार रेल्वे कंपन्यांत असतो, त्याचा लाभ नाकारणाऱ्या मालकाला मिळत नाहीं. मात्र निवाडा पाळलाच पाहिजे असें बंधन कोणावरहि नाहीं.

लाँग आयलंड रेल्वेच्या २०१४ सालच्या तंट्यांत हें सर्व नाटक पाहावयास मिळालें. तेथील सुमारें ५,४०० कामगार २०१० पासून नव्या कराराविना काम करीत होते. दोन मंडळें बसलीं. दोघांचाहि कौल सहा वर्षांत शेंकडा १७ वाढ देण्याकडे पडला. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं तो मानला नाहीं. त्यांनींहि १७ टक्केच देऊं केले, परंतु ते सात वर्षांत. म्हणजे आंकडा एकच, भांडण वर्षांचें. त्याखेरीज नव्यानें लागणाऱ्या नोकरांनीं आरोग्यविम्यासाठीं आणि निवृत्तिवेतनासाठीं अधिक वर्गणी द्यावी कीं काय, हाहि वाद होता. २० जुलैला संप होणार असें ठरलें. अखेर १७ जुलै रोजीं गव्हर्नर क्वोमो स्वतः मध्यें पडले आणि १७ टक्के साडेसहा वर्षांत देण्याचें ठरलें. सहा आणि सात यांच्यामधला आंकडा शोधून काढण्यास चार वर्षें लागलीं! त्या बदल्यांत कामगारांनीं आरोग्यविम्याचा कांहीं खर्च प्रथमच आपल्या अंगावर घेतला.

याच रेल्वेंत १९८७ सालीं अकरा दिवसांचा आणि १९९४ सालीं दोन दिवसांचा संप झाला होता. १९८३ सालचा अनुभव तर याहून कडू. उपनगरी गाड्यांची सूत्रें नव्या संस्थांच्या हातीं येऊन तीन महिनेहि झाले नाहींत, तोंच न्यू जर्सींत चौतीस दिवसांचा, न्यू यॉर्कच्या उत्तरेकडील मार्गांवर सुमारें सहा आठवड्यांचा आणि फिलाडेल्फियांत तब्बल १०८ दिवसांचा संप झाला. तेव्हां या कायद्यानें संप टळतातच असें नाहीं. तो त्यांना पुढें मात्र ढकलतो.

या प्रश्नांत एक चमत्कारिक विसंगतीहि आहे. न्यू यॉर्क संस्थानांत १९६७ पासून टेलर कायद्यानें सार्वजनिक नोकरांच्या संपाला मनाई आहे. डिसेंबर २००५ मध्यें तेथील भुयारी रेल्वेच्या व बसच्या कामगारांनीं तीन दिवस संप केला, तेव्हां त्यांच्या संघाला पंचवीस लक्ष डॉलर दंड झाला आणि संपाच्या प्रत्येक दिवसामागें कामगाराचा दोन दिवसांचा पगार कापण्याची तरतूद लागू झाली. परंतु लाँग आयलंड रेल्वेहि त्याच सार्वजनिक संस्थेची असतां तिच्या कामगारांना मात्र हा कायदा लागू पडत नाहीं. कारण रेल्वे ही राष्ट्राच्या कायद्याखालीं येते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिला. एकाच स्टेशनांत, एकाच मालकाचे दोन नोकर: एकाला संपाचा हक्क आहे, दुसऱ्याला तो गुन्हा आहे. यांतला फरक कामाच्या स्वरूपावरून सांगतां येत नाहीं. तो इतिहासावरूनच सांगावा लागतो.

जुन्या नियमांचेंहि तसेंच. लाँग आयलंड रेल्वेंत एकाच दिवशीं विजेची आणि डिझेलची अशा दोन्ही गाड्या चालविणाऱ्यास आणखी एका दिवसाचें वेतन मिळण्याचा नियम होता. अधिकाऱ्यांना तो उधळपट्टीचा वाटे. कामगार म्हणत, हे नियम कोणी दान दिलेले नाहींत. पूर्वीच्या वाटाघाटींत पगारवाढीच्या ऐवजीं ते मिळाले आहेत, काढावयाचे असतील तर त्यांचें मोल द्या. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें. आणि म्हणूनच तें तुटत नाहीं.

दोघांचें भांडण तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें ती उलटी पडते. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याची हानि होते. २०२५ च्या संपांत न्यू जर्सीच्या अधिकाऱ्यांनीं जादा बसगाड्यांची सोय केली, परंतु तींत रेल्वेच्या उतारूंपैकीं फार तर शेंकडा वीस माणसें मावतील असा त्यांचाच अंदाज होता. ज्यांना घरीं बसून यंत्रावर कचेरीचें काम करतां येतें, त्यांचें फारसें अडलें नाहीं. अडतें तें इस्पितळांतील परिचारिकेचें, उपाहारगृहांत भांडीं घासणाऱ्याचें, कचेऱ्या झाडणाऱ्या बाईचें. तिला तासावर पैसे मिळतात. गाडी चुकली कीं रोजी बुडाली. तिची कमाई संपावर गेलेल्या चालकाच्या कमाईच्या जवळपासहि नसते, आणि वाटाघाटीच्या मेजाभोंवतीं तिच्यासाठीं खुर्ची मांडलेली नसते.

म्हणून संपच नको, असें सांगणें सोपें आहे. परंतु ज्या कामगाराच्या हातांतून संप काढून घेतला, त्याचें गाऱ्हाणें ऐकण्याची घाई कोणाला असणार? २०१४ सालीं दोन मंडळांचा कौल धुडकावला गेला होता. संपाची तारीख उंबरठ्यावर आली तेव्हांच तोडगा निघाला. सप्टेंबर २०२५ मध्यें लाँग आयलंडच्या पांच संघांनीं पुन्हां संपाची तयारी केली, आणि मग स्वतःच राष्ट्राध्यक्षांकडे मंडळ मागितलें. तेव्हां वादाचा विषय होता चौथ्या वर्षाच्या वाढीचा. अकरा वर्षांपूर्वीं सहा कीं सात, आतां तीन कीं चार.

लांबलेली वाट माणसांना शांत करते, असें कायदा करणाऱ्यांना वाटलें होतें. तें कांहीं अंशीं खरेंहि ठरलें. कितीएक संप त्या वाटेवरच विरून गेले. परंतु वाट पाहावयास लावणें म्हणजे न्याय देणें नव्हे. पांच-सहा वर्षें जुन्या वेतनावर राबणाऱ्या माणसाच्या मनांत राग व्याजासकट साठत जातो, आणि मग पुढाऱ्यांनीं आणलेली बरी तडजोडहि तो शेंकडा ८७ मतांनीं फेंकून देतो. जी वाढ पुढें द्यावीच लागणार आहे, ती वेळेवर आणि हिशेब उघडा ठेवून दिली, तर चालकाला आपल्या हातांतील दांडा सोडून देण्याची पाळी येणार नाहीं. आणि पहांटेच्या अंधारांत फलाटावर उभ्या असलेल्या त्या बाईला, गाडी येईल कीं नाहीं, हें आकाशाकडे पाहून ठरवावें लागणार नाहीं.