पोत्यावरचा हंगाम



वाशीच्या मसाला मार्केटमध्ये लवंग-वेलदोड्याच्या घमघमाटातून वाट काढत साखरेच्या गाळ्यांपर्यंत कधी गेलात, तर थप्पीतलं एखादं पोतं जरा वाचून बघा. कारखान्याचं नाव, वजन 50 किलो, प्रत आणि गाळप हंगामाचं साल, एवढं त्यावर छापलेलं असतं. बारीक दाणा असेल तर एस-30, जाड असेल तर एम-30. कारखान्याच्या दारातल्या भावाला व्यापारी 'मिल टेंडर' म्हणतात आणि गाडी नाक्यापर्यंत आल्यावरच्या भावाला 'नाका डिलिव्हरी'. मशीद बंदरच्या गल्ल्यांमधला हा व्यापार नव्वदीच्या तोंडावर खाडी ओलांडून नवी मुंबईत आला, पण ही भाषा त्यानं सोबत आणली.

माझं म्हणणं असं, की या पोत्यावरचं साल थोडं फसवं असतं. त्यातली गोडी त्याच्या आधीच्या पावसाळ्यांनी ठरवलेली असते.

आधी थोडा मागचा हिशेब. एके काळी मुंबई बंदरात जावा बेटावरची साखर उतरायची आणि तीच आपल्या चहात पडायची. 1932 मध्ये सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि दख्खनच्या कालव्यांकाठी बघता बघता धुराडी उभी राहिली. वालचंदनगर, रावळगाव ही त्यातली नावं. माळीनगरला तर सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढला. मग 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा सहकारी कारखाना आला, ती कथा आपण शाळेपासून ऐकतो. आज राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. त्यांत सहकारी आणि खासगी जवळजवळ निम्मे-निम्मे आहेत, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

आता आकडे. रेडिओवर आकडे ऐकणं कंटाळवाणं असतं, म्हणून मोजकेच सांगतो. 2002-03 मध्ये महाराष्ट्रानं सुमारे 62 लाख टन साखर केली. पुढच्याच हंगामात ती निम्म्यावर आली आणि 2004-05 मध्ये 22 लाखांच्या आसपास घसरली. दोन वर्षांनी, 2006-07 ला, पुन्हा 90 लाखांवर! 2016-17 मध्ये 42 लाख, लगेच पुढच्या वर्षी 107 लाख. 2019-20 ला 62 लाख, 2021-22 ला 137 लाख. त्या वर्षी आपण उत्तर प्रदेशाला मागे टाकलं आणि भारतानं ब्राझीलला. आणि 2024-25 मध्ये? जेमतेम 81 लाख. उत्तर प्रदेशाच्या आकड्यांना असे हेलकावे बसत नाहीत. तिथे गंगा-यमुनेच्या खोऱ्याचं पाणी आहे, आपल्याकडे धरण भरलं तर ऊस.

त्यात आपली आडसाली लागण. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला हा ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो आणि पुढच्या वर्षीच्या थंडीत गाळपाला जातो. 2023 चा ऑगस्ट आठवतो का? देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. लागणी कमी झाल्या, आणि त्याचा फटका 2024-25 च्या पोत्यात दिसला. मधल्या काळात पाऊस चांगला झाला होता, म्हणून ऊस कमी का, असा प्रश्न शहरात लोक विचारत होते. शेतकरी विचारत नव्हता, त्याला ठाऊक होतं. त्याआधीही असंच झालं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी न्यावं लागलं. त्यानंतरचा गाळप हंगाम म्हणजे तोच 42 लाखांचा.

2002 नंतरच्या घसरणीत दुष्काळाला आणखी एक साथीदार मिळाला होता, लोकरी मावा. पानांच्या खालच्या बाजूला पांढरा कापूस चिकटल्यासारखी कीड. उंच वाढलेल्या उसात फवारणीला शिरायचं कसं? शेवटी 'डिफा' नावाच्या मित्रकिडीच्या अळ्या रानात सोडल्या, त्या माव्यावर तुटून पडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला.

आणि जास्त ऊस म्हणजे आनंदीआनंद, असंही नाही. 137 लाख टनांच्या त्या विक्रमी हंगामात मराठवाड्यात ऊस तोडणीअभावी उभा होता. टोळ्या मिळेनात, मे उलटला तरी धुराडी चालूच. वाळणाऱ्या उसाचं वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. विक्रमाची बातमी पहिल्या पानावर आली, पण तोडणीची वाट बघत बांधावर बसलेल्याला तिचं काय कौतुक?

गेल्या काही वर्षांत या आकड्यात आणखी एक गुंता झाला आहे, इथेनॉलचा. कारखान्यात रसापासून साखर एकदम निघत नाही. पाक आटवायचा, दाणे वेगळे करायचे, उरलेली मळी पुन्हा आटवायची, असे फेरे असतात. पूर्वी मळीतून शक्य तितकी साखर काढून घेत. आता दुसऱ्या फेऱ्यालाच थांबून साखर शिल्लक असलेली 'बी हेवी' मळी इथेनॉलला देतात, काही ठिकाणी तर थेट उसाचा रसच. म्हणजे तेवढाच ऊस गाळून पोती कमी भरतात. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवडाभरात ती सैल करून 17 लाख टन साखरेची मर्यादा घातली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी बंधनं उठवली. कारखानदारानं कर्ज काढून डिस्टिलरी उभारायची आणि हंगाम सुरू असताना नियम बदलायचा, हे मला तरी धड कारभाराचं लक्षण वाटत नाही. तेव्हा साखरेचा आकडा वाचताना तो इथेनॉलकडे वळवलेली साखर धरून आहे की वजा जाता आहे, हे आधी पाहावं.

आता गुळाकडे वळतो. याच मार्केटमध्ये कोल्हापूरचे रवेही येतात. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर आजही वाळलेल्या चिपाडावर चुलवाण पेटतं, रानभेंडीची खोडं ठेचून त्यांच्या चिकट पाण्यानं रसातली घाण वर आणतात. गुळव्या उकळत्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, आणि मगच काहील उतरते. त्याच्या बोटांइतकं भरवशाचं यंत्र तिथे दुसरं नसतं.

पूर्वी पिवळाधमक गूळ भाव खायचा, म्हणून काही जण त्यात हायड्रॉस पावडर घालत. आता नेरुळ-खारघरच्या दुकानांत काळसर, 'सेंद्रिय' म्हणून विकलेला गूळ पिवळ्यापेक्षा महाग मिळतो. गिऱ्हाईकाची नजर फिरली. पण याच काळात कोल्हापूरकडची कितीतरी गुऱ्हाळं थंडावली. कारखान्याला ऊस घातला की उसाच्या किमान भावाचा, म्हणजे एफआरपीचा, दर कायद्यानं ठरलेला असतो, तर गुळाला सौद्यात जे मिळेल ते. शिवाय रात्रभर चुलवाणापुढे बसायला माणूस मिळत नाही.

मे 2025 च्या नव्या साखर नियंत्रण आदेशात दिवसाला 500 टनांपेक्षा जास्त गाळप करणारे खांडसरी, म्हणजे देशी पद्धतीच्या साखरेचे, कारखाने सरकारी नियमांखाली आले. त्यांच्या उत्पादनाची नोंद आता दिल्लीपर्यंत जाईल. बांधावरचं गुऱ्हाळ मात्र या मापात बसत नाही. राज्यात यंदा साखर किती झाली याचा हिशेब पंधरवड्यागणिक छापून येतो. गूळ किती झाला, हे मात्र शाहूपुरीच्या आणि वाशीच्या अडत्यांच्या वह्यांतूनच जुळवावं लागतं.