मुलांची दुमजली खाट

(नभोवाणीवरील भाषण)

मुलांनीं कोठें निजावें हा कांहीं विचार करण्याजोगा प्रश्न आहे, असें आपल्याकडे पूर्वीं कोणास वाटत नसे. चाळींतल्या खोलींत रात्रीं भांडीं आवरलीं कीं लांबलचक सतरंजी अंथरली जाई, तिच्यावर गोधड्या पडत, आणि चार भावंडें, आजी व एखादा पाहुणा अशी सारी ओळ निजून जाई. त्या अंथरुणास पाय नव्हते. म्हणून त्यावरून पडण्याचें भयहि नव्हतें. आज पुण्यामुंबईच्या लहान बिऱ्हाडांत मुलांच्या वांट्यास १० फूट लांब व १० फूट रुंद अशी एक खोली आली तरी ती चैन समजतात. तींत अभ्यासाचें टेबल, कपड्यांचें कपाट आणि दोन मुलांचे दोन पलंग हें सर्व मावत नाहीं. मग सुतार किंवा दुकानदार तोड सुचवितो : पलंगावर पलंग. बाजारांत याला बंक बेड म्हणतात. मी त्यास दुमजली खाट म्हणेन.

ही तोड वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ३ फूट रुंद व ६ फूट लांब अशी खाट १८ चौरस फूट जमीन अडविते. १०० चौरस फुटांच्या खोलींत तेवढी जमीन मोकळी झाली तर मुलांना पुस्तकें पसरावयास व पावसाळ्यांत घरांतच खेळावयास जागा होते. शिवाय वरच्या मजल्यावर निजावयास मिळणें म्हणजे मुलाला राज्य मिळाल्यासारखें वाटतें. आगगाडींत वरच्या बाकाकरितां भावंडें कशीं भांडतात हें आपण पाहिलेंच आहे. परंतु आगगाडींत तो एका रात्रीचा प्रश्न असतो, आणि खालच्या बाकावर आईचा डोळा लागलेला नसतो. घरीं हीच गोष्ट वर्षाच्या ३६५ रात्रीं व्हावयाची असते, आणि आईबाप दुसऱ्या खोलींत निजलेले असतात. म्हणून ही खाट घेतांना रंग व नक्षी पाहण्याआधीं हातांत मोजपट्टी घ्यावी, एवढेंच माझें आजचें सांगणें आहे.

तथापि पहिला प्रश्न खाटेचा नसून मुलाचा आहे. वर कोणी निजावें ? अमेरिकेंत १९९० ते २००५ या काळांतील अपघातांच्या नोंदी तपासून २००८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें अशा खाटांमुळें त्या देशांत दरवर्षीं सरासरीनें सुमारें ३६ हजार मुलांना व तरुणांना इजा होऊन रुग्णालयांत न्यावें लागत होतें. दर चार अपघातांपैकीं जवळजवळ तीन अपघात पडण्याचे होते, आणि इजा झालेल्यांपैकीं सुमारें निम्मीं मुलें सहा वर्षांच्या आंतलीं होतीं. याच कारणास्तव अमेरिकेंत व युरोपांत सहा वर्षांखालील मुलास वर निजवूं नये असा इशारा खाटेवरच छापलेला असतो. ऑस्ट्रेलियांतील सरकारी सल्ला याहून कडक आहे. तेथें ही मर्यादा नऊ वर्षें धरतात.

दोन ठिकाणीं दोन आंकडे कां, असें कोणी विचारील. सहावा वाढदिवस झाला म्हणजे मुलास एका रात्रींत शहाणपण येतें असें नाहीं. अर्धवट झोपेंत उठल्यावर आपण उंचावर आहों याचें भान राहणें, अंधारांत कठडा चांचपून शिडी शोधणें आणि तोंड शिडीकडे करून एकेक पाय खालीं टाकणें, या तीन गोष्टी मुलास येतात कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. सहा ही खालची हद्द समजावी, आणि नऊ वर्षें थांबणें शक्य असेल तर थांबावें. झोपेंत चालणारें, अंथरूण ओलें करणारें किंवा फेफऱ्याचा विकार असलेलें मूल कितीहि मोठें असो, त्याची जागा खालींच. तापानें फणफणलेलें मूलहि तेवढे दिवस खालीं आणावें. कारण रात्रीं दोनदां उठून कपाळावर हात ठेवणाऱ्या आईचा हात पांच फुटांवरच्या उशीपर्यंत सहज पोंचत नाहीं.

आतां कठड्याकडे वळूं. वरच्या खाटेस दोन्ही लांब बाजूंनीं कठडा हवा. भिंतीकडील बाजूस कठडा कशाला, भिंत आहेच कीं, असें सुतार हटकून म्हणतो. परंतु मुलांच्या चढण्याउतरण्यानें खाट रोज केसभर सरकते, आणि महिन्याभरांत भिंत व गादी यांच्यामध्यें फट पडते. झोपेंत लोळणारें मूल त्या फटींत घसरतें व अडकतें. म्हणून भिंतीकडील कठडा सलग असावा. खोलीच्या बाजूस शिडीपुरती जागा मोकळी ठेवावी. अमेरिकन नियमाप्रमाणें ती १५ इंचांहून अधिक असूं नये.

कठड्याची उंची जमिनीपासून किंवा फळीपासून मोजून उपयोग नाहीं. ती गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजावी. अमेरिकेंत ती निदान ५ इंच असावी लागते, आणि युरोपांत १६ सेंटिमीटर, म्हणजे सवासहा इंचांच्या वर. आपल्याकडे येथें एक निराळीच अडचण आहे. आपल्या पुष्कळ घरांत अजूनहि कापसाच्या गाद्या आहेत. समजा, फळीपासून कठडा १० इंच उंच आहे आणि वापरून दबलेली गादी ४ इंच आहे. तर कठडा ६ इंच उरला, ठीक झालें. पुढें दिवाळीच्या सुमारास पिंजाऱ्याकडून तीच गादी पिंजून आणली, ती फुगून ७ इंच झाली, आणि कठडा उरला ३ इंच ! खाट तीच, सुतार तोच, परंतु कठड्याचें काम संपलें. म्हणून वरच्या मजल्यावर पातळ व न फुगणारी गादी घालावी, आणि ती बदलली कीं पुन्हां मोजावें.

कठड्याच्या गजांमधील अंतर हा विषय याहूनहि नाजूक आहे. पडण्यानें बहुधा हाड मोडतें, खोक पडते. परंतु फटींत अडकल्यानें लहान मुलांचे जीव गेले आहेत. लहान मुलाचें अंग त्याच्या डोक्यापेक्षां अरुंद असतें. पाय फटींतून जातात, मागून कंबर व छाती जाते, आणि डोकें मात्र अडकून मूल मानेवर लोंबकळतें. अशा मृत्यूंमुळें अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानें डिसेंबर १९९९ मध्यें नियम केले व ते जून २००० पासून लागू झाले. वरच्या खाटेभोंवतीं साडेतीन इंचांहून मोठी फट असूं नये, हा त्यांतील मुख्य नियम. खालच्या खाटेच्या उशापायथ्याकडील चौकटींत एक तर फट साडेतीन इंचांच्या आंत असावी, नाहीं तर ९ इंचांच्या वर असावी, म्हणजे अंग जाईल तेथून डोकेंहि निघेल. धोक्याची फट ती मधली. आपला सुतार शोभेसाठीं उशाकडे कमानी, जाळी व चंद्रतारे कापून देतो. त्यांतील प्रत्येक भोंकास ही कसोटी लावावी. घरांत रांगणारें मूल असेल तर खालची चौकट अधिकच बारकाईनें पाहावी.

यानंतरचा धोका परदेशी पुस्तकांत थोडक्यांत सांगितलेला असतो. आपल्याकडे तो मुख्य आहे. तो म्हणजे छताचा पंखा. हिशेब करून पाहूं. खोलीची उंची बहुधा ९ फूट, म्हणजे १०८ इंच. खालच्या खाटेची फळी जमिनीपासून १२ इंच, तिच्यावर गादी ५ इंच. खालच्या मुलास ताठ बसतां यावें म्हणून ३५ इंच मोकळी जागा. मग वरच्या खाटेची जाडी ४ इंच व गादी ५ इंच. बेरीज झाली ६१ इंच. पंख्याचीं पातीं छताच्या फूटभर खालीं, म्हणजे ९६ इंचांवर फिरतात. वरच्या गादीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचें डोकें सुमारें ८९ इंचांवर येतें. त्यानें आळस देण्यासाठीं हात वर केला कीं तो पात्यांच्या पातळीस गेला. चार फूट उंचीचें मूल गादीवर उभें राहिलें तर डोकें छतालाच लागेल.

खाट कोपऱ्यांत सरकवली म्हणजे पंखा दूर राहील, असें आपणांस वाटेल. १० फुटांच्या खोलींत पंखा मध्यभागीं, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर असतो. नेहमींच्या ४८ इंची पंख्याचें पातें मध्यापासून २ फूट जातें. म्हणजे पात्याचें टोंक भिंतीपासून ३ फुटांवर आलें, आणि आपली खाटहि ३ फूट रुंदच आहे. चौकटीच्या जाडीसकट दोनतीन इंच अधिकच. तात्पर्य, अशा खोलींत दुमजली खाट आणि छताचा पंखा हीं दोन्ही एकत्र नांदूं शकत नाहींत. पंखा उतरवावा आणि समोरच्या भिंतीवर, मुलाच्या हाताच्या टापूबाहेर, जाळी असलेला पंखा लावावा. याचा दुसरा फायदा असा कीं त्याचा वारा दोन्ही मजल्यांस मिळतो. छताच्या पंख्याचा वारा वरची खाट अडविते आणि खालचें मूल घामानें भिजतें.

उष्ण हवा वर चढते हेंहि विसरूं नये. इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर घर असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेली गच्ची रात्रीं उशिरापर्यंत धग सोडीत असते, आणि वरच्या खाटेवरील मूल तिच्यापासून जेमतेम चार फुटांवर निजलेलें असतें. अशा घरीं उन्हाळ्याचे दोन महिने त्यास खालीं जमिनीवर गादी घालून द्यावी.

शिडी खाटेस घट्ट जोडलेली असावी. नुसती आंकड्यांनीं अडकविलेली नसावी. गोल गजांपेक्षां रुंद व सपाट पायऱ्या बऱ्या. अनवाणी पायाला गोल गज खुपतो आणि पावसाळ्यांत दमट झालेला पाय त्यावरून निसटतो. रात्रीं मंद दिवा असावा. वरच्या कठड्यास ओढणी, साडी, दोरी किंवा पट्टा कधींहि बांधूं देऊं नये. मुलें झोका करतात, आणि तो गळ्याभोंवतीं आवळल्यास हांक मारावयासहि अवसर मिळत नाहीं. मच्छरदाणीच्या लोंबत्या दोऱ्यांनाहि हेंच लागू आहे. त्यापेक्षां खिडक्यांना बारीक जाळी बसविणें अधिक सोयीचें.

लांकडाविषयीं दोन शब्द. भरीव लांकूड किंवा चांगलें प्लायवूड टिकतें. भुसा दाबून केलेल्या फळ्या कोंकणच्या व मुंबईच्या ओल्या हवेंत फुगतात आणि त्यांतील स्क्रू सैल होतात. लोखंडी खाट समुद्राकांठीं गंजते, म्हणून जोडाच्या ठिकाणचा रंग उडाला कीं लगेच तो लावावा. वरच्या गादीखालीं भक्कम आडव्या पट्ट्या असाव्या व त्या चौकटीस पक्क्या केलेल्या असाव्या. दर पावसाळ्यानंतर सर्व नटबोल्ट आवळावे. जुनी खाट विकत घेतांना तिच्या रंगाची चौकशी करावी. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दर दहा लक्ष भागांस ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री नाहीं, आणि मुलें कठडा चावतात. नवी खाट घेतांना भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. १७६३६ या दुमजली खाटांच्या मानकाबद्दल दुकानदारास विचारावें. त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर आपली मोजपट्टी आहेच.

इतकें करूनहि मूल पडलें तर ? तें लगेच रडलें व थोड्या वेळानें खेळूं लागलें तरी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी. शुद्ध हरपणें, पुन्हां पुन्हां ओकारी होणें, भलतीच गुंगी येणें, झटके येणें, कान किंवा नाक यांतून रक्त अथवा पाणी येणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. मान दुखते असें म्हणत असेल किंवा हातपाय हलवीत नसेल, तर त्यास ओढून उचलूं नये. होतें तसेंच स्थिर ठेवून मदत बोलवावी.

श्रोतेहो, हीं सर्व मापें आपल्या खोलींत बसत नसतील, तर दुमजली खाट न घेणें यांत कांहीं कमीपणा नाहीं. एका पलंगाखालून दुसरा सरकवून बाहेर काढतां येईल अशी खाट मिळते. दिवसा तीहि जमीन मोकळी करते आणि तिची उंची दुमजली खाटेपेक्षां पुष्कळ कमी असते. आणि सतरंजी तर आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. दुमजली खाट घेतलीच, तर दोन नियम घरांत सर्वांनीं पाळावे : वर एका वेळीं एकच मूल, आणि वर खेळ नाहीं, फक्त झोप व पुस्तक. मुलाला वरचें राज्य खुशाल द्यावें. मात्र त्या राज्याची तटबंदी त्याच्या आईबापांनीं स्वतः मोजलेली असावी.